दार लावून बसलेला मुलगा

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलीनचें नांव या गांवाशीं जोडलें गेलें. अंगांत ताप भरला कीं थर्मामीटर लावावा, औषध वेळीं द्यावें, हें आपणांस कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्या व्याधीस थर्मामीटर नाहीं, तिच्या बाबतींत आपण वर्षानुवर्षें वाट पाहत बसतों. त्या व्याधीविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

वैद्यकांत तिला सायकोसिस म्हणतात. तींत वास्तवाचें भान सुटतें. नसलेले आवाज ऐकूं येतात, आपल्याविरुद्ध कट चालला आहे असें ठाम वाटूं लागतें. स्किझोफ्रेनिया हा या वर्गांतील प्रमुख आजार. तो बहुधा विशीच्या आगेंमागें डोकें वर काढतो, आणि एकाएकीं क्वचितच येतो. आधीं कांहीं महिने, केव्हां वर्षेंहि, झोंप उडते, कामावरचें लक्ष जातें, मित्र तुटतात, मुलगा किंवा मुलगी दार लावून बसते. घरचे म्हणतात आळस. शेजारी म्हणतात प्रेमभंग. एखादा म्हणतो बाहेरची बाधा. या वादांतच मोलाचे दिवस निघून जातात.

अशीं लक्षणें दिसलेल्या बहुसंख्य तरुणांना पुढें हा आजार होत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें. म्हणून या अवस्थेंत प्रबळ औषधांची घाई करीत नाहींत. बोलून धीर देणारे उपचार, झोंपेची घडी, गांजापासून दूर राहणें, कुटुंबास समज देणें आणि नियमानें तपासणी, एवढ्यावर भर असतो. आजार सुरू झालाच, तर औषध पहिल्या दिवसांतच मिळतें. उपचाराविना जितका काळ अधिक जातो, तितकें सावरणें कठीण होतें. हें ओळखून मेलबर्न येथें १९९२ सालीं डॉ. पॅट्रिक मॅकगोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खास तरुणांसाठीं केंद्र उघडलें. आपल्याकडे, कॅनडांत प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं पत्नीच्या आजाराचा अनुभव घेऊन पुण्यांत स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. २००४ सालच्या 'देवराई' या चित्रपटानें तर हा विषय घरोघरीं नेला.

आपल्या नगरांत मात्र एक निराळीच अडचण आहे. चाकण, भोसरी, तळवडे येथें काम करणारे कितीतरी तरुण मराठवाड्यांतून, विदर्भांतून आलेले. चौघे एका खोलींत राहतात, पण पाळ्या निराळ्या. एक परततो तेव्हां दुसरा निघतो. गांवीं अर्धें ताट टाकून उठलेल्या मुलाकडे पाहून आई काय तें ओळखते. येथें पाहणारें कोणी नाहीं. झोंप उडाली तर दोष रात्रपाळीवर जातो. मग एके दिवशीं काम सुटतें आणि मुलगा घरीं पोहोंचतो तो आजार पुरा वाढल्यावर.

म्हणून माझें बोलणें आपणांपैकीं ज्यांनीं खोल्या भाड्यानें दिल्या आहेत, ज्यांच्या हाताखालीं अशीं मुलें राबतात, त्यांच्याशींहि आहे. मुलगा बदललेला दिसला तर त्याच्याशीं वाद घालूं नये, 'येरवड्याला पाठवा' असा विनोद तर मुळींच करूं नये. 'झोंप लागते का? कशाची भीति वाटते का?' एवढें शांतपणें विचारावें. घरच्यांस कळवावें. मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जावें. यशवंतराव चव्हाण रुग्णालयासारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत चौकशी करावी. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची विनामूल्य सेवाहि आहे. जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा निघाली, तर त्यास क्षणभरहि एकटें सोडूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

त्या मुलाची आई शेंकडों मैलांवर आहे. त्याचें बंद दार तिला दिसत नाहीं. तें आपल्याला दिसतें. तें एकदां हलकेंच ठोठवावें, एवढी विनंति आहे.