योजना चाळीस वर्षांची, सुरुवात आपल्या शाळेतून

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या निधीतून गावच्या सरकारी दवाखान्याला एखादं यंत्र भेट द्यावं, अशी सूचना सकाळी आली. चांगल्या मनानं आली आहे. माझी सारी नोकरी आरोग्य खात्यात गेली, म्हणून त्यावर थोडं बोलतो.

आपल्या देशाच्या आरोग्याचा पहिला मोठा आराखडा १९४६ साली आला. तो करणाऱ्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर, जन्म नाशिकचा. त्या काळी ४३,००० लोकांमागे एक नर्स होती. समितीनं दोन टप्पे आखले. आधी ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत दर १०,००० ते २०,००० लोकांसाठी ७५ खाटांचा दवाखाना.

आज सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक केंद्र हा निकष आहे आणि तिथे खाटा असतात चार ते सहा. पहिला टप्पा गाठला, दुसरा कागदावरच राहिला.

पैसा कमी पडला हे खरंच. पण खात्यात राहून मला आणखी एक गोष्ट दिसली. इमारत दोन वर्षांत उभी राहते, तिचं उद्घाटन होतं, फोटो येतो. माणूस तयार व्हायला मात्र वेळ लागतो. मुलगी बारावी झाली की एएनएमची दोन वर्षं किंवा जीएनएमची तीन वर्षं. मग भरती, मग राहायला खोली. तोवर निवडणूक येऊन गेलेली असते. म्हणून रिकामी पदं कोणाच्या भाषणात येत नाहीत.

आफ्रिकेतला इथिओपिया आपल्यापेक्षा गरीब देश. त्यांनी १९९७ मध्ये वीस वर्षांचा आरोग्य कार्यक्रम हाती घेतला. २००३ पासून गावोगावच्या दहावी झालेल्या मुली निवडल्या, वर्षभर शिकवल्या आणि सरकारी पगारावर त्यांच्याच भागात नेमल्या. अशा ३० हजारांहून जास्त जणी उभ्या राहिल्या. तिथे १९९० मध्ये हजारी २०४ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावत. २०१२ पर्यंत तो आकडा ६८ वर आला. रस्ते, अन्न, लसी यांचाही त्यात वाटा आहे. पण लस घरापर्यंत नेली ती या मुलींनी.

लांब कशाला जायचं? आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. पुढे २०११ मध्ये सरकारनं घरी जाऊन बाळ तपासायचं हे काम देशभरच्या आशाताईंकडे दिलं.

म्हणून माझी विनंती अशी. यंत्राऐवजी दहा वर्षांचा निधी करू. दरवर्षी आपल्या शाळेतून बारावी झालेल्या एका गरजू मुलीचं किंवा मुलाचं नर्सिंगचं शिक्षण आपण उचलू. निवड शिक्षकांनी करावी, हिशेब दरवर्षी सगळ्यांसमोर यावा. शिकलेली मुलगी सिहोऱ्यातच नोकरी करेल, अशी हमी नाही. तुमसरला जाईल, नागपूरलाही जाईल. तरी दहातल्या तीन-चार जणी या पट्ट्यात राहिल्या, तरी पुष्कळ झालं. आणि गेलेलीही कुठेतरी कोणाची सेवाच करेल.

आपण तलावांच्या जिल्ह्यातली माणसं. आपले मालगुजारी तलाव ज्यांनी बांधले, त्यांच्या नातवा-पणतवांच्या धानालाही त्याचं पाणी मिळालं. पण पाळ दरवर्षी बघावी लागते, गाळ काढावा लागतो. आरोग्याचंही तसंच आहे. म्हणून एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळं होण्यापेक्षा प्रत्येकानं जमेल तेवढी, पण दहा वर्षं न चुकता द्यावी.

आज दुपारी जेवणानंतर वही ठेवली आहे. पटलं असेल त्यांनी नाव लिहावं. नसेल पटलं, तर गुरुजींसमोर उभं राहून सांगावं, शाळेत सांगायचो तसं.