पावसाळी वर्ग आणि मुलांचे ऐकणे



मालवण तालुक्यातील धामापूर गाव १५३० साली बांधलेल्या तलावामुळे सर्वांस परिचित आहे. मृगाच्या सरी लागल्या की डोंगरावरचे पाणी या तलावाकडे धाव घेते आणि गावातील प्रत्येक छपरावर पावसाचा मारा सुरू होतो. अशा भागातील शाळेवर पत्रे असले तर समोरासमोरचे बोलणेही पुसट होते. फाल्गुनात चटचट उत्तरे देणारा एखादा विद्यार्थी या दिवसांत श्रुतलेखनात चुकू लागतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, हाक मारली तरी मान वर करीत नाही. ‘लक्ष नाही’ असा शेरा त्याच्या वाट्यास येतो. त्याचे कान कसे आहेत, हे मात्र क्वचितच पाहिले जाते.

बोलण्यातील स्वर जोरकस असतात. पुष्कळशी व्यंजने क्षीण, आणि स, श यांसारखी तर उंच पट्टीतली. शब्दांतील भेद बहुधा व्यंजनांवरच अवलंबून असतो. ‘सात’, ‘हात’, ‘काठ’ यांतील व्यंजने बुडाली की उरतो केवळ ‘आ’. गोंगाट प्रथम या क्षीण ध्वनींनाच झाकतो. निरोगी कान जवळजवळचे सूर वेगळे करतात, दोन्ही कान मिळून बोलणाऱ्याची दिशा धरतात, आणि तुटलेला शब्द मेंदू सांधून घेतो. अंतःकर्णातील सूक्ष्म पेशींना इजा झाली असेल तर सूर एकमेकांत मिसळतात. आवाज येतो, शब्द उमगत नाही. एकाच कानाने ऐकणाऱ्या मुलाचे उणेपण शांत वर्गात जाणवतही नाही. ‘हाक तर ऐकू येते!’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा होय.

पावसाळ्यात सर्दीचीही भर पडते. नाक व कान यांना जोडणारी नलिका बुजते, पडद्यामागे द्रव साचतो आणि कित्येकदा काहीही न दुखता ऐकणे मंदावते. बहुधा हे आपोआप निवळते. तीन महिने टिकल्यास मात्र वैद्यकीय तपासणी हवी.

अशा वेळी ओरडण्याचा मोह होतो. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने तशीच राहतात. जवळ जाणे अधिक फलदायी. मोकळ्या जागी अंतर निम्मे केल्यास आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. मुलास पागोळ्यांच्या खिडकीपासून दूर, पुढे बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. सर जोरात असता श्रुतलेखन ठेवून गणिते घालावीत. श्रवणयंत्र असले तरी हे सारे लागतेच, कारण यंत्र गोंगाटही मोठा करते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतील मुलांच्या तपासणीत श्रवणदोषही पाहिला जातो. पथक येईल तो दिवस कोरडा असू शकतो. यास्तव शिक्षकाने मुलाच्या पाठीमागे उभे राहून ‘सात, हात, काठ’ असे शब्द एकदा शांततेत व एकदा पावसात उच्चारावेत, मुलाने काय सांगितले ते तारखेसह टिपावे आणि तो कागद पथकाच्या हाती द्यावा.