नागिणीचा विषाणू आणि डोळ्याचा पडदा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर डोळा लाल झाला की खाऱ्या वाऱ्याने झाला असेल असं वाटतं. पण सोबत डोळा ठणकत असेल, नजर धूसर झाली असेल, समोर काळे ठिपके तरंगत असतील, तर दुकानातले थेंब घालत बसू नका. कांजिण्यांचा विषाणू अंगात वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. तोच पुढे नागीण आणतो आणि क्वचित थेट डोळ्याच्या पडद्यावर उठतो. थेंबांनी बाहुली मोठी करून डॉक्टर पाहतात, तेव्हा पडद्याच्या कडेला पांढरट चट्टे दिसतात. ते झपाट्याने मध्याकडे सरकतात.

यावर अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध शिरेतून दर ८ तासांनी देतात, मग काही आठवडे गोळ्या. काहींना डोळ्यातही इंजेक्शन लागतं. औषध विषाणूची वाढ रोखतं, मेलेला पडदा परत आणत नाही. म्हणून उपचाराची घाई करायची. नुसतं स्टिरॉइड घेतलं तर आजार भडकतो.

एचआयव्हीत रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी दर घनमिलिमीटर रक्तात ५०च्या खाली गेल्या, तर सायटोमेगॅलो हा दुसरा विषाणू पडदा पोखरू शकतो, तोही न दुखता. त्यावर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे औषध आहे.

पावसाळ्यात मांडव्याहून मुंबईच्या गेटवेला जाणाऱ्या लाँच बंद असतात. तरी डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, तर रस्त्याने त्याच दिवशी निघा. बरं वाटल्यावरही पडदा सुटण्याचा धोका काही महिने राहतो, तेव्हा पुढच्या तपासण्या चुकवू नका.