गोष्ट संपते तेव्हा
2014 साली सुरू झालेली ‘जय मल्हार’ मालिका 2017मध्ये संपली, आणि रोजच्या वेळेला रिमोट हातात घेऊन करायचं काय, असं अनेक घरांत झालं. हॅरी पॉटरचंही तेच. 1997 ते 2007, सात पुस्तकं. शाळकरी वाचक शेवटच्या भागापर्यंत कॉलेजात पोचला होता. चुटपुट लागते ती गोष्टीपेक्षा सरलेल्या वयाची. काही जण तर शेवटचं प्रकरण मुद्दाम ठेवून देतात! ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेचा 2019मधला शेवट बदला म्हणून लाखोंनी सह्या केल्या. आपल्या सातपुड्यात मात्र रात्रभर गायलेली कथा पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून रंगते. शेवट सगळ्यांना पाठ असतो, तरी डुलकी लागलेलं पोर ‘माझं ऐकायचं राहिलं’ म्हणून कुरकुरतंच.