सैन्यभरती आणि आमच्या घरची मुले

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व तरुण ह्यांच्या सभेत केलेले भाषण)



लातूर असो वा नांदेड, पहाटेच्या मिस्साची घंटा होण्यापूर्वीच गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर मुले धावताना दिसतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, नऊ फुटांचा खंदक एका उडीत, दांडीला लोंबकळून दहा वेळा अंग वर उचलणे. हा पाठ त्यांस धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांहून अधिक तोंडपाठ आहे! ह्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या मुलास उठविताना आईचा घसा सुकत असे, तो आपण होऊन चार वाजता उठतो, हा लहान चमत्कार नव्हे.

ह्यांपैकी कित्येक मुले सद्वर्तनाचे पत्र मागण्यास आमच्याकडे येतात, आणि आम्ही ते आनंदाने देत आलो. काही वर्षांमागे असाच एक मुलगा संध्याकाळी आला. पत्र लिहिता लिहिता आम्ही सहज विचारले, "तुला सैन्यात जावयाची आवड आहे ना?" तो बराच वेळ उंबऱ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "फादर, आवडीचं काय घेऊन बसलात? सोयाबीन हातचं गेलं. बहिणीचं लगीन हाय. कुणीतरी गेलंच पाहिजे." ते 'गेलंच पाहिजे' ऐकून आमची लेखणी थांबली. तोपर्यंत इतक्या मुलांस पत्रे दिली, परंतु हा प्रश्न आम्ही एकासही विचारला नव्हता, ही कबुली आज आपणांसमोर देणे आम्हांस उचित वाटते.

अलीकडे पुष्कळ माता भीत भीत विचारतात की, सरकार उद्या प्रत्येक घरातून एक मुलगा सक्तीने नेईल काय? युरोपातील वार्ता आता खेड्यापाड्यांतही पोचतात. लिथुआनियाने 2015 साली व लॅटव्हियाने 2024 पासून सक्तीची लष्करी सेवा पुन्हा सुरू केली, हे खरे आहे. आमच्या देशाची गोष्ट निराळी. स्वतंत्र भारताने आजवर एकाही नागरिकास सक्तीने सैन्यात घातलेले नाही. राज्यघटनेच्या 23 व्या कलमात सार्वजनिक कार्यासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्यास ठेविली आहे, आणि तीत धर्म, वंश, जात वा वर्ग ह्यांवरून भेद करावयाचा नाही अशी अट आहे; तथापि त्या मुभेवरून सैन्यभरतीचा कायदा कोणी केलेला नाही. तेव्हा त्या मातांनी निर्धास्त असावे. आमची चिंता दुसरीच आहे. ज्या लातुरास एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे हुकूमनामा सरकारकडून यावा लागत नाही. कोरडी विहीर व सावकाराची वहीच तो बजावते.

आता अटी नीट पाहा, कारण सह्या करताना त्या कोणी वाचीत नाही. 14 जून 2022 रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेप्रमाणे अग्निवीराची सेवा चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये. त्यातून 9,000 कापून सेवानिधीत जातात, तितकेच सरकार घालते, आणि हाती 21,000 येतात. चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार मिळावयाचे. त्यानंतर शंभरांतील फार तर पंचवीस जणांस पुढे ठेवण्याचे जाहीर झाले, बाकीचे घरी. निवृत्तिवेतन नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एक अग्निवीर सियाचीनमध्ये कर्तव्यावर असता मृत्यू पावला. अशा घरास विम्याचे 48 लाख व इतर रकमा मिळतात, मासिक निवृत्तिवेतन मात्र नाही. मुलगा चार वर्षांनी परत येईल तेव्हा पंचविशीच्या आत असेल आणि हातची रक्कम एका लग्नात व एका घराच्या छपरात संपलेली असेल, हा हिशेब बापाने आजच मांडावा.

शस्त्राविषयी आमच्या ह्या भागास कोणी शिकवावयास नको. 1948 पर्यंत नांदेड व लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातुरास वकिली करणारे कासीम रझवी रझाकारांचे पुढारी झाले, तरुण पोरांच्या हाती हत्यारे आली, आणि लोक गावे सोडून पळाले. 13 सप्टेंबरास भारतीय सैन्य संस्थानात शिरले; 17 तारखेस निजामाने शरणागती पत्करली. गावोगाव लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु मागोमाग सुडाची लाट आली व निरपराध मुसलमान मारले गेले. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे नमूद केले, त्यांत नांदेड व उस्मानाबाद होते. लातूर त्या वेळी उस्मानाबादेतच मोडत असे. हे सांगणे कित्येकांस रुचत नाही, तरी सांगितले पाहिजे. पुढे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीची धरणी हादरली, तेव्हा ढिगारे उपसण्यास सैन्याचेच जवान आले होते. शिपाई आम्ही असा दोन्ही अंगांनी जाणतो.

बाप्तिस्ता योहानाकडे शिपाई आले असता त्याने त्यांस चाकरी सोडण्यास सांगितले नाही. कोणास लुबाडू नका, पगारात संतोष माना, एवढेच सांगितले. संत मार्टिन शिपायाचा पुत्र म्हणून पंधराव्या वर्षी बळेच सैन्यात घातला गेला, आणि आज तो शिपायांचा आश्रयदाता आहे. उलट आफ्रिकेतील संत मॅक्सिमिलियन, तोही माजी सैनिकाचाच पुत्र, 12 मार्च 295 रोजी एकविसाव्या वर्षी शस्त्र नाकारून शिरच्छेदास सामोरा गेला. ख्रिस्तसभा दोघांसही वेदीवर मान देते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही 1965 साली एकीकडे सैनिकास लोकांच्या सुरक्षिततेचा सेवक म्हटले, आणि दुसरीकडे, ज्याची सद्सद्विवेकबुद्धी शस्त्र घेऊ देत नाही त्यास समाजाची अन्य सेवा करू द्यावी, अशी कायद्याकडून अपेक्षा केली. दोहोंतही माणूस आपल्या बुद्धीने निवड करतो हे गृहीत आहे. सोयाबीन गेले म्हणून गेलेल्या मुलाने ती कधी केली?

म्हणून ह्यापुढे पत्र मागणाऱ्या मुलाशी आम्ही एकांतात बोलू. बापाने त्या वेळी अंगणात थांबावे, राग मानू नये. "हो" म्हणेल त्यास पत्र व आशीर्वाद मिळेल. "नको" म्हणेल त्याच्या घरचे कर्ज काय आहे, हे धर्मग्रामाच्या मंडळाने बसून पाहावे, अशी आमची मंडळास विनंती आहे. महोत्सवाच्या रोषणाईचा खर्च थोडा कमी झाला तरी चालेल.

त्या संध्याकाळचे पत्र आम्ही शेवटी पुरे केले. तो मुलगा आज उत्तरेच्या सीमेवर आहे. गेल्या मे महिन्यात त्याच्या बहिणीचे लग्न ह्याच वेदीपुढे लागले. त्याने मिस्सा भ्रमणध्वनीवरून ऐकली.