विजेची गाडी आणि तिची बॅटरी



आता आपल्या रस्त्यावर विजेच्या दुचाक्या आणि रिक्षा धावू लागल्या आहेत. धूर नाही, आवाज नाही. चांगली गोष्ट आहे. पण या गाडीचा सारा जीव बॅटरीत. ती बॅटरी येते कुठून आणि थकली की जाते कुठे, हे आज पाहू.

नव्या दुचाकीत लिथियम धातूची बॅटरी असते. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात आटाकामा नावाचे वाळवंट आहे. तिथे जमिनीखालचे खारे पाणी वर काढून मोठ्या वाफ्यांत सोडतात. आपल्या मिठागरासारखेच समजा. कित्येक महिने उन्हात पाणी आटते, तेव्हा लिथियम हाती लागते. मुळात तिथे पाऊस नाही. त्यात पाणी असे उडून जाते, म्हणून आसपासची गावे तक्रार करतात. काही बॅटऱ्यांना कोबाल्ट धातूही लागतो. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून येतो. तिथल्या काही खाणींत लहान मुलेही राबताना आढळली आहेत.

आता जुन्या बॅटरीचे बघा. पुष्कळ ई-रिक्षांत शिशाची बॅटरी असते. शिसे वितळवून पुन्हा वापरता येते. हे चांगलेच. पण ते काम चांगल्या कारखान्यात, धूर अडवून व्हावे लागते. उघड्यावर केले तर काय होते? सेनेगल देशात डकार शहराजवळच्या एका वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढीत. शिशाची धूळ मातीत मिसळली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या काळात तिथे १८ मुले दगावली. जी मुले वाचतात, त्यांच्याही मेंदूला शिसे इजा करते. गेलेली बुद्धी औषधाने परत येत नाही.

मग गाडी घेऊ नये काय? जरूर घ्यावी. पण बॅटरी सांभाळावी. २०२२ साली भारत सरकारने नियम केले. बॅटरी बनवणाऱ्या कंपनीनेच जुनी बॅटरी गोळा करण्याची व्यवस्था करायची. ती पुरायची नाही, जाळायची नाही.

म्हणून जुनी बॅटरी विकणाऱ्या दुकानदारालाच परत द्या. कुणी चार पैसे जास्त देतो म्हणाला, तरी उघड्यावर फोडणाऱ्याला देऊ नका. तिच्यातले तेजाब ओढ्यात, शेतात ओतू नका. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नका, ती पेट घेते. चार पैसे पुन्हा मिळतील. पोराची बुद्धी पुन्हा मिळत नाही.