सर्व्हर पडला, उठवणार कोण?

१० जुलै २०२३ला ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ ही फॅनफिक्शनची साइट बंद पडली. कारण डीडॉस. म्हणजे असंख्य मशीन एकदम खोट्या रिक्वेस्ट पाठवतात आणि खरा वाचक दारातच अडकतो. यात पासवर्ड चोरीला जात नाहीत, पण ते लोकांना समजावायलाही माणसं लागतात. आणि इथे सगळे स्वयंसेवक! पगार नाही, ठरलेली नाइट शिफ्ट नाही. पुढे क्लाउडफ्लेअर उभं केलं. आता गाळणी बारीक केली की कधीकधी खरे वाचकही अडकणारच, आणि त्यांच्या तक्रारी निस्तरायला परत हेच लोक. सर्व्हर भाड्याने वाढवता येतो हो, झोप कुठून आणणार? तुमचा असा ग्रुप असेल तर आजच ठरवा: रात्री दोनला फोन कोणाला, आणि तो दमला की पुढचा कोण.